एकाच दरीत एकोणसाठ वर्षे



२०१७ साली माझ्या कामाच्या हद्दीतल्या एका गावात गांडूळ खताचे अकरा बेड अनुदानावर दिले गेले. फोटो झाले, सह्या झाल्या, अहवाल वर गेला. दोन वर्षांनी त्याच गावात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा दोनच बेडमध्ये गांडुळे होती. एकात कोंबड्या बसल्या होत्या, एकात कडबा रचला होता, एक तर चक्क पत्र्यावर ताडपत्री म्हणून चढला होता. लोकांचा राग आला नाही. आमचंच काहीतरी चुकलं होतं, पण नेमकं काय, ते त्या दिवशी मला सांगता येत नव्हतं. त्याच सुमारास ओबरलिन यांच्याविषयी वाचनात आलं आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे कार्व्हर घरोघर माहीत आहेत, वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे. ओबरलिन त्यांच्याही शंभरावर वर्षे आधीचे. युरोपात त्यांचे नाव मोठे आहे, अमेरिकेत तर त्यांच्या नावाने एक गाव आणि एक कॉलेज १८३३ पासून उभे आहे. ते ख्रिस्ती धर्मगुरू होते. त्यांनी रस्ता केला, बटाटा सुधारला, शाळा काढल्या, हे खरं. पण ती सगळी कामं त्यांच्या श्रद्धेतून निघालेली. ती श्रद्धा बाजूला ठेवून नुसता बटाटा सांगितला तर गोष्ट अर्धी राहील. म्हणून दोन्ही सांगतो.

योहान फ्रीडरिश ओबरलिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी स्ट्रासबुर्ग शहरात झाला. हे शहर अल्सास प्रांतात, फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवर. वडील शाळेत शिक्षक. घरात शिस्त, वाचन आणि प्रार्थना. ओबरलिन प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मशिक्षण पूर्ण करून लष्करातल्या एका पलटणीचे धर्मगुरू म्हणून जायच्या तयारीत होते. तेवढ्यात एक पाहुणा आला.

पाहुण्याची ओळख आधी करून देतो. स्ट्रासबुर्गपासून पन्नास-साठ किलोमीटरवर व्होज नावाच्या डोंगररांगेत एक दरी आहे. जर्मन भाषेत तिचे नाव स्टाइनटाल, म्हणजे दगडांची दरी. वाल्डर्सबाख, बेलफोस, बेलमाँ, फूदे आणि सोलबाख अशी पाच गावे. जमीन हलकी, हिवाळा लांबलचक, बर्फ पडलं की कित्येक महिने वाट बंद. तिथे श्टुबर नावाचे धर्मगुरू १७५० मध्ये गेले. शाळा कुठे म्हणून त्यांनी विचारलं तर लोकांनी एका खोपटाकडे बोट दाखवलं. आत पोरांचा नुसता गलका, आणि कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारा पडलेला. तोच मास्तर. काय शिकवता? काहीच नाही, कारण त्यालाच काही येत नव्हतं. मग मास्तर कसे झालात? तर म्हातारा पूर्वी गावची डुकरं राखायचा. वय झालं, डुकरांमागं धावणं होईना, म्हणून गावानं त्याला पोरं राखायला दिली.

मास्तरकी इतकी हलकी समजली जायची की बऱ्या घरातला माणूस ती घ्यायला तयार होईना. श्टुबरांनी मग हुद्द्याचं नाव बदललं आणि माणसं मिळाली. हुद्द्याचं नाव बदलून काम सुधारतं का, हे आम्हा सरकारी माणसांना विचारू नका. तिथं मात्र सुधारलं. श्टुबरांनी शाळा बांधली, पुस्तके आणली, पाया घातला. १७६७ मध्ये त्यांची स्ट्रासबुर्गला नेमणूक झाली. आपल्यामागे हे काम कोण पुढे नेईल, या काळजीने ते माणूस शोधत निघाले आणि ओबरलिन यांच्या दारात आले. ओबरलिन तेव्हा छपरालगतच्या एका खोलीत दाढदुखीने बेजार होऊन पडले होते. दिव्यावर एक लहानसं लोखंडी भांडं टांगलेलं, त्यातच त्यांचं जेवण शिजे. श्टुबरांना वाटलं, एवढ्यात भागवणारा माणूस आपल्या दरीत टिकेल.

त्या वर्षी ओबरलिन वाल्डर्सबाखला गेले. वय सव्वीस. पुढे १८२६ मध्ये तिथंच वारले. एकोणसाठ वर्षे, एकाच दरीत! आमची तीन वर्षांत बदली होते, म्हणून हा आकडा मला जरा जास्तच बोचतो.

लोकांनी त्यांचं स्वागत केलं असं समजू नका. नवा पाद्री आला, आता हे बदला ते बदला म्हणणार, म्हणून काही जण चिडले. एका रविवारी त्यांना वाटेत गाठून झोडपायचं ठरलं. ओबरलिन यांच्या कानावर ते आलं. त्या दिवशीचं प्रवचन त्यांनी नेमकं अन्याय सोसण्याविषयी आणि वाइटाला वाइटानं उत्तर न देण्याविषयी केलं. प्रवचनानंतर कटातली मंडळी एका घरी जमली आणि याला सुगावा लागला की काय, अशी कुजबुज करू लागली. तोच दार उघडून ओबरलिन एकटेच आत आले. मला मारायचा बेत आहे हे मला माहीत आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. जे नियम मी तुम्हाला सांगतो ते मी स्वतः मोडले असतील तर खुशाल शिक्षा करा; लपून वाट बघण्याचा हलकेपणा तुम्हाला नको म्हणून मीच आलो आहे. मंडळी खजील झाली. ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत नेहमी सांगितली जाते ती धाडसासाठी. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. शिकवणं आणि वागणं यांत फट आहे का, हे तपासायचा हक्क त्यांनी पहिल्याच फेरीत लोकांच्या हाती दिला.

मग रस्ता. दरीतून बाहेर पडायला धड वाट नव्हती. ब्रुश नदी ओलांडायची ती दगडांवर पाय देत. माल विकायला नेता येत नाही, अवजार आणता येत नाही. ओबरलिन यांनी लोकांना जमवून सांगितलं की खडक फोडायचे, नदीकाठाने बांध घालायचा, वर पूल टाकायचा आणि स्ट्रासबुर्गच्या रस्त्याला जाऊन भिडायचं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. ज्याला त्याला घरचं काम होतं. ओबरलिन यांनी पुष्कळ समजावलं, आणि शेवटी स्वतः खांद्यावर कुदळ टाकून चालू लागले. बरोबर त्यांचा गडी. सगळ्यात अवघड आणि काट्याकुट्याची जागा त्यांनी स्वतःसाठी आणि गड्यासाठी निवडली. हळूहळू एकेक करून माणसं मागं आली. अवजारं कमी पडली तर त्यांनी स्ट्रासबुर्गच्या ओळखीपाळखीतून मागवली. रस्ता झाला, पूल झाला. त्या पुलाला दयेचा पूल असं नाव पडलं. पुढे त्यांनी अवजारांचे कोठार काढले. खरेदीच्या भावात अवजार न्यायचं, पैसे जमतील तसे द्यायचे. गावातल्या हुशार पोरांना त्यांनी शहरात पाठवून गवंडी, सुतार, लोहार यांची कामं शिकवून आणली.

आता शेतीचं. हा भाग आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे.

ओबरलिन शहरातले. शेतीबद्दल आपण बोललो तर शेतकरी हसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी व्यासपीठावरून शेतीचा शब्द काढला नाही. त्यांच्या घराजवळ दोन तुकडे होते, दोन्हींमधून लोकांची जायची-यायची पायवाट होती. जमीन तर नामी म्हणावी इतकी निकस. ओबरलिन यांनी गड्याला घेऊन चार-पाच फूट खोल चर खणले, चांगली माती आणि खत भरलं आणि फळझाडं लावली. येणारे-जाणारे बघत होते. मातीची त्यांना पूर्ण माहिती, त्यामुळं झाडं मरणार हे त्यांनी ठरवून टाकलेलं. झाडं जगली, बहरली. मग एकेक जण थांबून विचारू लागला, हे झालं कसं? ओबरलिन आधी देवाचे आभार मानत आणि मग खड्डा, माती, खत, कलम सगळं हाताला धरून शिकवत. विचारल्याशिवाय सांगितलं नाही. विचारेपर्यंत मात्र थांबले, आणि थांबताना खणत राहिले.

इथं ते अकरा बेड मला आठवतात. चालू राहिलेल्या दोनांपैकी एक ज्या बाईंकडे होता, त्यांचं नाव लाभार्थींच्या यादीत नव्हतंच. शेजाऱ्यानं टाकून दिलेला बेड त्यांनी उचलून आणला होता. भावाच्या मळ्यात गांडूळ खतावरची वांगी बघून आल्या होत्या, म्हणून.

बटाट्याची हकिगत अशी. दरीत बटाटा आधीपासून होता, पण वर्षानुवर्षे घरचंच बेणं लावून तो उतरत गेला होता. उतारा निम्म्याच्याही खाली आलेला, आणि लोक जमिनीला दोष देत होते. ओबरलिन यांनी बाहेरच्या मुलखातून नवं बेणं आणलं आणि त्याच जमिनीत पीक पुन्हा उभं राहिलं. आज आपल्याला कारण माहीत आहे. विषाणूरोग मावा किडीमार्फत पसरतात, बेण्यात साठत जातात आणि दर पिढीला उत्पादन घटतं. आपले खेड-मंचरकडचे बटाटेवाले पंजाबातून बेणं आणतात ते याचसाठी. ओबरलिन यांच्या काळी विषाणू कुणाला ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त दोष जमिनीचा की बेण्याचा एवढं तपासून पाहिलं. याशिवाय नवी गवतं आणि जवस आणली. जनावरं गोठ्यात बांधून शेण साठवायला शिकवलं. पालापाचोळा, जुन्या चिंध्या, फाटके जोडे, जे कुजेल ते खड्ड्यात. पोरांनी चिंध्या आणून दिल्या की त्यांना पैसे मिळत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एवढं सगळं करताना ओबरलिन यांना स्वतःला हे गावविकासाचं काम वाटतच नव्हतं. माणसाचं मन देवाकडे वळलं की त्याची खूण त्याच्या हातांत दिसली पाहिजे, असं ते मानत. लोकांना ते प्रश्नपत्रिका पाठवत. त्यात उपासनेला येता का, रविवारी एखादं परोपकाराचं काम करता का, हे प्रश्न असत. आणि त्यांच्याच खाली रस्तादुरुस्तीचा वाटा वेळेवर देता का, सार्वजनिक जागेवर घरातल्या माणसांच्या दुप्पट झाडं लावलीत का, हेही. पुढचा प्रश्न तर असा होता, की ती झाडं नीट लावलीत की नुसती उरकायची म्हणून खोचलीत. आमच्या वृक्षलागवडीच्या तक्त्यांत हा रकाना नाही. असायला हवा होता. मुलगा किंवा मुलगी मोठी झाली की चर्चमध्ये श्रद्धेची जाहीर कबुली देण्याचा विधी असतो. त्याआधी दोन झाडं लावल्याचा आईबापांचा दाखला आणावा लागे. झाड लावणं हा त्यांच्या लेखी धर्माचाच भाग.

स्वतःवर त्यांची नजर याहून कडक. मिळकतीचे तीन दशांश ते तीन वेगवेगळ्या पेट्यांत टाकत: देवकार्य, गावकाम आणि गरीब. कुणासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं खोलीच्या दारावर खडूनं लिहून ठेवत, म्हणजे येता-जाता विसर पडायला नको. दरीतल्या त्यांच्या माणसांत वेगवेगळ्या पंथांचे लोक होते. प्रभुभोजनाच्या वेळी कुणाला कसली भाकर चालते ते विचारून ते तशी देत. साखर आणि कॉफी त्यांनी सोडली होती, कारण ती वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांच्या घामावर पिकत होती. ऊसपट्ट्यात राहून हे लिहिताना ऊसतोड मजुरांच्या खोप्या डोळ्यासमोर येतात.

माणूस निर्दोष होता असं मात्र नाही. १७८३ मध्ये पत्नी वारल्या, आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्या आपल्याला भेटतात, बोलतात, असं ते मानत. स्वर्गाचे नकाशे काढून लोकांना समजावत. कपाळ-नाकाच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखता येतो यावर त्यांचा विश्वास होता. प्रत्येकाच्या घरात डोकावायची सवय काहींना जाचतही असणार. आणि प्रत्येक मन त्यांना सावरता आलं असंही नाही. जानेवारी १७७८ मध्ये लेन्त्स नावाचा तरुण जर्मन कवी, मनाने ढासळलेला, त्यांच्या दारी आला. तो त्यांच्या घरी सुमारे तीन आठवडे राहिला. प्रार्थना झाल्या, रात्री जागवल्या. पण त्याचा आजार वाढतच गेला आणि शेवटी माणसं बरोबर देऊन त्याला स्ट्रासबुर्गला पाठवावं लागलं. ओबरलिन यांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलं आहे, लपवलेलं नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीत उपासनेवर बंदी आली. ओबरलिन यांनी गावसभेच्या नावाखाली लोकांना जमवून काम चालू ठेवलं. १७९४ मध्ये त्यांना अटकही झाली, पण राजवट उलटली आणि ते लवकरच सुटून आले. त्याहून मला मोठी वाटते ती जंगलाची तडजोड. दरीतले शेतकरी आणि जमीनदार यांच्यात जंगलाच्या हक्कावरून ऐंशीहून अधिक वर्षे खटला चालू होता. आजोबांनी लावलेला दावा नातू लढवत होते. आपल्याकडं बांधाचे दावे बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ओबरलिन यांनी दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षे समजावून १८१३ मध्ये समझोता घडवला. ज्या लेखणीनं सह्या झाल्या ती त्यांनी आपल्या खोलीत टांगून ठेवली. याच सुमारास लग्राँ नावाच्या उद्योजक कुटुंबाने फूदेला रेशमी फितींचा कारखाना आणला आणि घरोघर माग चालू झाले. १८१८ मध्ये फ्रान्सच्या शेतकी सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं, १८१९ मध्ये सरकारी सन्मान मिळाला.

एकट्या ओबरलिन यांना पदकं मिळाली, पण काम एकट्याचं नव्हतं. बेलमाँच्या सारा बांझे नावाच्या तरुणीनं शेजारची लहान पोरं घरात जमवून त्यांना विणकाम शिकवायला सुरुवात केली होती. आईबाप शेतात, पोरं मोकाट. म्हणून हा उद्योग. ओबरलिन यांच्या ते लक्षात आलं, आणि १७६९ पासून त्यांनी साराला रीतसर पगारी नेमलं. साराच्या हाताखाली आणि मागून अशाच गावातल्याच पोरी तयार झाल्या. विणता विणता गोष्टी, गाणी, रानातल्या वनस्पतींची ओळख, बायबलमधल्या कथा, गावाचा नकाशा. फ्रोबेलची बालवाडी जर्मनीत निघाली त्याच्या साठ-सत्तर वर्षे आधीची ही गोष्ट. सारा १७७४ मध्ये वारली. काम थांबलं नाही.

त्या पोरींपैकी एक लुईझ शेपलर, बेलफोसच्या शेतकऱ्याची मुलगी, जन्म १७६३. पंधरा-सोळाची असताना ती ओबरलिन यांच्या घरी कामाला आली. बर्फातून एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन ती लहानग्यांना शिकवायची. घरची बाई गेल्यावर मुलांचा सांभाळही तिनेच केला. १७९३ मध्ये तिनं ओबरलिन यांना चिठ्ठी लिहून विनंती केली, की यापुढे मला पगार देऊ नका, मुलगी म्हणून घरात ठेवा. त्यांनी ते मानलं. पुढे त्यांच्या कागदांत तिचा उल्लेख मुलीसारखाच येतो.

१ जून १८२६ रोजी ओबरलिन वारले. वय पंच्याऐंशी. फूदेच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. लोक त्यांना पापा म्हणत, तोच शब्द तिथं कोरला आहे. वाल्डर्सबाखला त्यांच्या राहत्या घरात आज संग्रहालय आहे, आणि मुलांना हाताळायला वस्तू ठेवल्या आहेत.

लुईझ तेव्हा बासष्ट वर्षांची होती. मुख्य माणूस गेला की काम बसतं, असा आपला अनुभव. शाळा बसल्या नाहीत. १८२९ मध्ये पॅरिसच्या फ्रेंच अकादमीनं सद्गुणासाठीचा माँतियाँ पुरस्कार तिला दिला, ५,००० फ्रँकचा. खेड्यातल्या एका कामवालीला! ती रक्कम तिनं लहान मुलांच्या शाळांकडेच वळवली आणि १८३७ मध्ये मरेपर्यंत पोरांना शिकवत राहिली.